हाताच्या उंचीवर

१

दुपारी एक वाजला की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचं, डबा पाच मिनिटांत उरकायचा आणि स्कूटरला किक मारून नवं घर बघायला जायचं, असा धाकल्यांचा वर्षभराचा नेम होता. बघायला म्हणजे तिथे यांचं काम काहीच नसायचं. पाया खणत होते तेव्हा खड्डा बघून यायचे, विटा चढायला लागल्या तेव्हा विटा. आता रंगाचा शेवटचा हात आणि नळांच्या तोट्या एवढंच उरलं होतं, महिन्याभरात राहायला जायचं ठरलं होतं, तरी फेरी काही चुकत नव्हती.

"अहो, लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हा इतकं निरखून बघितलं नव्हतंत," बायको म्हणायची.

"तेव्हा तुझे वडील समोर बसले होते. इथे समोर कोणी नसतं."

आणि खरंच कोणी नसायचं. एक ते अडीच कामगार समोरच्या झाडाखाली जेवून आडवे व्हायचे. धाकले चपला बाहेर काढून रिकाम्या घरात एकटेच फिरायचे. एकेक दार उघडून बघायचे, लावून बघायचे. दुकान कुलपं, कड्या आणि बिजागऱ्यांचं, त्यामुळे आठही दारांचा माल स्वतः निवडलेला. एकही दार कुरकुरत नव्हतं. बिजागरी कशी हवी, तर ती आहे हे कुणाला कळताच कामा नये, असं त्यांच्या मोठ्या भावाचं म्हणणं. बाजारात या दोघा भावांना नावाने कुणी ओळखत नाही. थोरले आणि धाकले, बस्स. धाकल्यांना एक्कावन्न पुरी झाली, टाळूवर हवा लागायला लागली, तरी धाकले ते धाकलेच.

हां, एक गिऱ्हाईक मात्र असं आलं होतं की त्याला कुरकुरणारीच बिजागरी हवी होती. "सासरे राहायला आलेत," म्हणाला, "खोलीत शिरताना कळलं पाहिजे." थोरल्यांनी त्याला एक जुनी, कोरडी जोडी काढून दिली आणि वर सांगितलं, "सासरे गेले की परत आणा, बदलून देतो." सहा वर्षं झाली, माणूस अजून आलेला नाही.

२

डाग पहिल्यांदा दिसला तो दिवस साधाच होता. हॉलमधून मागे जाणारा पॅसेज आदल्या दिवशी रंगवून झाला होता, सायीसारखा पांढरा. त्या भिंतीवर कमरेच्या जरा वर, बोटभर अंतराच्या चार-पाच पुसट रेषा, हॉलच्या कोपऱ्यापासून पॅसेजच्या टोकापर्यंत. लांबून बघितलं तर एक मळकट पट्टा. धाकल्यांनी अंगठा ओला करून घासला. गेला नाही.

कामगाराचा हात लागला असेल. रंगाच्या घरात हे व्हायचंच. पण एकदा लागलेला हात असा दिसत नाही. असा पट्टा पडायला एकच माणूस त्याच भिंतीला हात लावत, त्याच वाटेने, वर्षानुवर्षं गेला पाहिजे. धाकल्यांना हे पक्कं माहीत होतं, कारण तसाच एक पट्टा ते थोडीथोडकी नाही, तेरा वर्षं रोज बघत होते.

अडीचला रंगारी जांभया देत आला.

"हे काय रे?"

"काय, मालक?" त्याने मान तिरकी केली. "काल तर नव्हतं. लेबरचा हात."

"लेबर काय भिंत धरून चालतात?"

"दुपारचं जेवण जास्त झालं तर चालतात."

धाकले हसले. रंगाऱ्याने पॉलिश पेपर मारला, पुट्टीचा हात फिरवला, त्यावर रंग दिला. दुसऱ्या दिवशी एक वाजता पट्टा होता तिथेच होता.

"ओल असेल, मालक," रंगारी आता जरा गंभीर झाला होता.

"ओल सरळ रेघेत येते? कमरेच्या उंचीवर?"

"आली तर येते. ओलीच्या हातात कोण टेप देतं?"

'ओल' हा शब्द ऐकला आणि धाकल्यांनी उगाच घड्याळाकडे बघितलं. उशीर झाला म्हणाले आणि निघाले. उशीर झालेला नव्हता.

३

थोरले धाकल्यांपेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हापासून दुकान त्यांनीच चालवलं आणि धाकल्यांना वाढवलंही त्यांनीच. धाकले सहा वर्षांचे असताना मालाच्या लोखंडी पेटीचं झाकण त्यांच्या उजव्या हातावर पडलं. थोरल्यांनी त्यांना खांद्यावर टाकलं आणि रक्ताळलेली करंगळी मुठीत गच्च धरून भर बाजारातून डॉक्टरकडे पळत नेलं. करंगळी वाचली, पण बाहेरच्या बाजूला वाकडी राहिली ती राहिलीच. नोटा मोजताना ती अशी एकटीच बाजूला उभी असते.

थोरल्यांचे डोळे बावन्नाव्या वर्षी गेले. एकदम नाही गेले. आधी दिव्याभोवती गोल कडं दिसायला लागलं. "चंद्राला खळं पडतं ना, तसं," ते कौतुकाने सांगायचे. "आपल्या बल्बलासुद्धा पडलंय." दोन वर्षांत चंद्रही गेला, बल्बही गेला.

पण दुकानातून ते उठले नाहीत. त्यांच्या दुकानात भिंतभर लाकडी खण आहेत आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एकेक नमुना ठोकलेला. कडीच्या खणावर कडी, खिट्टीच्या खणावर खिट्टी, स्क्रूच्या खणावर स्क्रू. थोरल्यांचा हात त्या नमुन्यांवरून असा फिरायचा की डोळस नोकर शिडी लावेपर्यंत माल काउंटरवर आलेला असायचा. वर माडीवर, घरात, ते भिंतीला डावा हात लावून चालायचे. त्याने जिन्यापासून खिडकीपर्यंत भिंतीला तो मळका, तेलकट पट्टा पडला. तेरा वर्षांत कुणाला तो दिसेनासाही झाला होता.

मग एका मोठ्या कंपनीचे साहेब चहाला आले. त्यांची एजन्सी मिळावी म्हणून धाकल्यांनी वर्षभर धडपड केली होती. थोरले भिंत धरत आले आणि त्यांचा हात पडला तो साहेबांच्या छातीवर. सवयीने त्यांनी चाचपून बघितलं. "कोट झकास आहे साहेब, पण वरचं बटण सुटायला आलंय. घरी गेल्यावर टाका घालून घ्या."

साहेब मनापासून हसले. सगळेच हसले. पण हसता हसता साहेबांची नजर भिंतीवरच्या पट्ट्यावर गेली, आणि तिच्या मागोमाग धाकल्यांची. आपल्या घरात हे असं आहे, हे त्यांना त्या क्षणी साहेबांच्या डोळ्यांनी दिसलं. कान तापले.

पाहुणे गेल्यावर बायको कप उचलताना म्हणाली, "नव्या घरात तरी भिंती स्वच्छ राहू देत बाई." ती एवढंच म्हणाली. पुढचं सगळं धाकल्यांनी केलं.

४

नव्या घराच्या नकाशात पॅसेजच्या टोकाला थोरल्यांची खोली होती. जिना चढायला नको, बाथरूम शेजारी. चौकट बसली होती. एका दुपारी धाकल्यांनी गवंड्याला बाजूला घेतलं.

"ही चौकट काढा. दार बुजवून टाका. पलीकडून रस्त्याच्या बाजूला शटर लावू, गाडीला जागा होईल."

गवंडी पोक्त माणूस. त्याने थापी खाली ठेवली. "गाडी कुठली घेतली?"

"घेऊ."

"मग तोवर मोठे शेठ राहतील की."

"तुम्हाला सांगितलं तेवढं करा हो."

गाडी अजून घेतलेली नाही. थोरल्यांना त्यांनी सांगितलं, "दादा, इंजिनिअर म्हणतो खालची खोली ओल धरेल. तुझ्या छातीला सोसायची नाही." थोरले स्क्रू निवडत होते. म्हणाले, "बरं. मला माडी पाठ आहे." एका शब्दाने जास्त विचारलं नाही. माणसाने जरा तरी भांडावं!

आणि आता तो पट्टा. चौथ्या दिवशी धाकल्यांनी गुडघे टेकून तो नीट बघितला. हॉलच्या कोपऱ्यापाशी पुसट, पुढे ठळक, आणि पॅसेजच्या टोकाला, बरोबर जिथे दार बुजवलं होतं तिथे, पट्टा तुटत होता. त्यापुढे नुसते तळव्यांचे ठसे. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. भिंतीत कडी शोधावी तसे.

धाकले उभे राहिले. मनाशी म्हणाले, दादाला कुणीतरी इथे आणलं असणार. मग आठवलं, रोज एक ते अडीच अर्ध्या शटरमागे दादा स्टुलावर बसलेला असतो. शेजारचा टेलर त्याच्याशी गप्पा मारत असतो. आणि दादाने हे घर अजून एकदाही बघितलेलं नाही. एकदाही "चल" म्हणालो नाही आपण.

५

बिजागऱ्यांचं सांगायचं राहिलं. ते सांगायला धाकल्यांना आवडलं नसतं.

चौकट बसली त्या आठवड्यात थोरल्यांनी तीन पितळी बिजागऱ्या निवडल्या होत्या. दोनशेतून तीन. एकेक कानाशी धरून उघडमीट करून बघितली, तेल दिलं, तेलकट कागदात गुंडाळून खालच्या खणात ठेवल्या. "माझ्या दाराला ह्याच लाव. रात्री-बेरात्री उठलो तर तुम्हाला जाग यायला नको."

दार बुजवल्यावर पुडी तशीच पडून होती. एक दिवस भर गर्दीत एक घाईतला सुतार आला. तीन जड पितळी बिजागऱ्या, आत्ताच्या आत्ता. माल संपलेला. आता गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हे या दुकानाचं पहिलं शिक्षण, आणि ते थोरल्यांनीच दिलेलं. धाकल्यांचा हात आपणहून खालच्या खणात गेला. कागद सोडला, तिन्ही बिजागऱ्या काउंटरवर ठेवल्या. ठक, ठक, ठक.

स्टुलावर थोरल्यांची बोटं स्क्रूंमध्ये थांबली. तो ठक आवाज दोनशेतल्या कुठल्या तिघींचा, हे त्यांना कळलं नसेल असं मानायला धाकले तरी तयार नव्हते. मग थोरले सुताराच्या दिशेने तोंड करून हसले आणि म्हणाले, "डोळे मिटून घ्या. आवाज करणार नाहीत."

सुतार खूश होऊन गेला. थोरल्यांची बोटं परत चालू झाली. धाकल्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

६

रंगाऱ्याने सकाळी चौथा हात दिला. जाड दिला, तेलाचा. "आता ओलीचा बाप आला तरी वर येत नाही," म्हणाला.

एक वाजता धाकले आले तेव्हा भिंत ओलसर होती, कोरी होती. ते स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची कड तपासत राहिले. खरं तर काही तपासत नव्हते. पाठ पॅसेजकडे करून उभं राहायला त्यांना निमित्त हवं होतं.

आवाज हॉलच्या कोपऱ्यातून सुरू झाला. कागदावरून हात फिरवावा तसा, फक्त चिकट. मध्येच पायाची एक घसट. सर्र, पाऊल. सर्र, पाऊल. म्हाताऱ्या माणसाची चाल. कामगार आला असेल, असं धाकले स्वतःला म्हणाले; पण कामगार येतो तो खाकरत येतो, तंबाखू मागत येतो. आवाज स्वयंपाकघराच्या दारावरून पुढे गेला. धाकल्यांनी वळून बघितलं नाही. ओट्यावर टाइल्सच्या सांध्यात सिमेंटचा एक ठिपका होता, तो नखाने खरवडत राहिले.

पॅसेजच्या टोकाला आवाज थांबला. थोडा वेळ काहीच नाही. मग थप, थप, अगदी हलके. पाहुण्याने दारावर मारावी तशी थाप. भिंतीवर.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. ओल्या रंगात ताजे ओरखडे होते.

घरी बायकोने शर्टाची बाही धरली. "शहाण्यासारखं ओल्या रंगाला हात कशाला लावलात? नवा शर्ट!"

उजव्या कफावर पांढरा रंग होता. त्यांनी भिंतीला हात लावलेला नव्हता. लावला नव्हता ना?

७

दुसऱ्या दिवशी धाकले थोरल्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले.

"आज काय विशेष?" थोरल्यांनी विचारलं.

"घर बघ म्हटलं."

"बघतो की. दाखव."

हॉलमध्ये थोरल्यांनी टाळी वाजवून आवाज घेतला. "छत उंच केलंस. छान." मग हात पुढे केला, आणि धाकले काही बोलायच्या आत तो भिंतीवर पडला. थोरले उंच माणूस. त्यांचा हात पट्ट्याच्या वीतभर वर पडला होता.

धाकल्यांचा श्वास सुटला. म्हणजे दादाचा नाही. मग तो परत अडकला.

थोरल्यांचा हात खाली घसरला, वाळलेल्या रंगातल्या ओरखड्यांवर थांबला. त्यांनी एकेक बोट एकेका चरीत बसवून बघितलं, खणावरचा नमुना वाचावा तसं. "कोण चालतंय रे इथे? तीन बोटं सरळ आहेत." ते चार पावलं गेले. "आणि करंगळी बाहेर. सगळीकडे बाहेर." त्यांनी तोंड धाकल्यांकडे वळवलं. "भिंतीला हात लावून का चालतोस तू?"

"मी नाही चालत, दादा."

"बरं," थोरले म्हणाले. तोच तो 'बरं'.

ते टोकाला पोचले. कोऱ्या भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे धाकल्यांना कळलं.

"इथे दार होतं. ओलीचं मी खोटं सांगितलं. मीच बुजवलं."

"माहीत आहे. बिजागऱ्या काउंटरवर ठेवल्यास तेव्हाच कळलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाईक समोर होतं ना."

धाकल्यांनी मान खाली घातली. बघणारं कोणी नव्हतं, तरी घातली. "दार फोडून घेतो दादा. उद्याच. तू ये राहायला."

थोरले भिंत थोपटत राहिले, थप, थप, हलके. धाकल्यांच्या अंगावर काटा आला. "तू घाबरला आहेस," थोरले म्हणाले. "आवाजात कळतंय. घाबरून बोलावतोयस. भीती गेल्यावर परत बुजवशील की काय?" आणि हसले. "चल, टेलर वाट बघत असेल."

८

गवंड्याने दोन दिवसांत दार मोकळं केलं. धाकल्यांना काही बोलला नाही, जरा जास्तच जपून विटा काढल्या एवढंच. तशा बिजागऱ्या आता मिळेनात. तो कारखानाच बंद पडलेला. दुसऱ्या लावल्या, त्या कुरकुरायच्या. तेल देऊनही कुरकुरायच्या.

मंडळी राहायला गेली. थोरल्यांच्या खोलीत पलंग टाकला, रेडिओ ठेवला, उशाशी पाण्याचा तांब्या. बायको स्वतः माडीवर जाऊन म्हणाली, "भाऊजी, चला ना आता. भिंती काय, परत रंगवता येतात." तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. थोरले म्हणाले, "येईन गं. जरा थंडी जाऊ दे." थंडी गेली. मग म्हणाले, "नवा माल खणांत लावून होऊ दे." तोही लावून झाला.

एका दुपारी धाकले जेवायला घरी आले होते. बायको वर कपडे वाळत घालत होती. हात धुऊन ते पॅसेजमध्ये वळले आणि टोकाच्या दारात त्यांना एक बाही दिसली, वाकलेल्या खांद्याची, आणि चौकटीवर टेकलेला हात. बोटं एकेक करून सुटली. शेवटी करंगळी. आणि दार लागलं. कुरकुरलं नाही.

धाकले धावले नाहीत. आत कोणी नसणार हे त्यांना माहीत होतं. आत काय असेल तेही, दार उघडायच्या आधी.

पट्टा आता दारापाशी थांबत नाही. तो आत जातो. चौकटीवरून वळून खोलीच्या पहिल्या भिंतीला लागतो, कपाटाच्या कडेने जातो, पलंगापाशी खाली उतरतो. तिथे चादरीवर तळव्यांनी पडलेल्या चुण्या असतात, उशीवरही, कुणी निजलंय का ते चाचपावं तशा. मग पट्टा दुसऱ्या भिंतीने, तिसऱ्या भिंतीने सगळ्या खोलीला वळसा घालतो आणि आला तसा बाहेर पडतो. चादर धाकले स्वतः सारखी करतात. भिंत पॉलिश पेपरने घासतात. बायको विचारत नाही, आणि ती विचारत नाही याचीही त्यांना लाज वाटते.

परवा दुपारी आभाळ भरून दुकानात अंधारलं, म्हणून धाकल्यांनी काउंटरवरचा दिवा लावला. कुणाला तरी स्क्रू मोजून देत होते. मोजता मोजता वर बघितलं. बल्बभोवती एक कडं होतं. बारीक, रंगीत, सुरेख. त्यांनी डोळे चोळले. कडं तसंच होतं.

"काय रे? सतरावर थांबलास," स्टुलावरून थोरले म्हणाले.

गिऱ्हाईक गेलं. धाकले बराच वेळ खणांवरच्या नमुन्यांकडे बघत उभे होते. मग स्टुलापाशी गेले.

"दादा, आज तरी चल ना घरी. राहायला."

थोरल्यांनी स्क्रू बाजूला ठेवले आणि चेहरा त्यांच्याकडे केला. पहिल्यांदाच त्यांनी खरोखर विचारलं. "आजच का रे?"

धाकल्यांना उत्तर येत होतं. ते तोंडातून काढायची त्यांना लाज वाटली.